सायकलीचा नंबर

तुमच्या सायकलीचा नंबर काय, असे कोणी विचारले तर आपण काय सांगू? बहुतेक जण म्हणतील, "सायकलीला कुठला आलाय नंबर? नंबर असतो मोटारीला, नाहीतर फटफटीला." मोटारीला पुढे-मागे पाटी असते. ती लांबून दिसते. सायकलीला पाटी नसते हे खरे. पण नंबर असतो. सायकल कारखान्यात तयार होते तेव्हाच तो तिच्या फ्रेमवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला असतो. आपण दहा-दहा वर्षे सायकल चालवतो, पुसतो, तिला तेल घालतो, पण तो नंबर काही एकदाही पाहत नाही. तो कुठे असतो, कसा उतरवून घ्यायचा, कुठे नोंदवून ठेवायचा आणि सायकल चोरीला गेली तर त्याचा उपयोग काय, हे आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

सायकल जाते म्हणजे काय जाते, हे ज्याची जाते त्यालाच कळते. दूध घालणाऱ्याचे दोन्ही कॅन सायकलीवर लटकतात. पेपर टाकणारा पोरगा पहाटे सायकलीवरच निघतो. मुंबईच्या डबेवाल्यांचे काम सायकलीवाचून चालत नाही. गवंडी थापी, ओळंबा आणि भाकरी पिशवीत घालून ती हँडलला अडकवतो आणि चार कोस लांबच्या कामावर वेळेत पोचतो. सायकल गेली की यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. दुसऱ्या दिवसाचा बुडतो. मग एस.टी.ला नाहीतर रिक्षाला पैसे जाऊ लागतात. २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशातल्या दर १०० कुटुंबांपैकी जवळजवळ ४५ कुटुंबांकडे सायकल होती. मोटार असलेली कुटुंबे त्या मानाने फारच थोडी होती. तेव्हा सायकलीची चोरी ही लहान चोरी आहे, असे आम्हाला वाटत नाही.

आता यातली दुसरी गोष्ट पाहा. सायकल चोरीला जाते ते एक नुकसान. पण चोर सापडतो, त्याच्याकडे सायकलीही सापडतात, आणि तरीही आपली सायकल आपल्याला मिळत नाही, हे दुसरे नुकसान. पहिल्याला चोर कारण असतो. दुसऱ्याला बऱ्याचदा आपण स्वतः कारण असतो. समजा, पोलिसांनी एक चोर पकडला आणि त्याच्याकडच्या वीस सायकली ठाण्यात आणून उभ्या केल्या. बातमी ऐकून एक काका तिथे गेले.

"साहेब, ही बघा माझी सायकल."

"कशावरून, काका?"

"अहो, मी ओळखतो की. काळी आहे. मागं कॅरिअर आहे. सीट थोडं फाटलंय."

"काका, इथं काळ्या सायकली अकरा आहेत. कॅरिअर नऊंना आहे. सीट तर सगळ्यांचीच फाटलेली. नंबर सांगा."

"नंबर नाही ठाऊक."

"पावती?"

"पावती कुठली साहेब, सहा वर्षं झाली."

यात हवालदाराचे काही चुकले नाही. त्याने काकांच्या शब्दावर सायकल दिली आणि तासाभराने खरा मालक आला, तर तो काय करणार? आणि चोरही काही खुळा नसतो. तो सीट बदलतो, घंटी काढतो, मडगार्डवर दुसरा रंग मारतो. आपण ज्या खुणांनी सायकल ओळखतो त्या सगळ्या वरवरच्या असतात. त्यात आता एकसारख्या सायकली फार झाल्या. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत. एका शाळेच्या आवारात एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या चाळीस सायकली उभ्या राहिल्या तर आपल्या लेकीची कोणती, हे कसे सांगायचे? एकच गोष्ट वेगळी असते. ती म्हणजे नंबर.

नोंद ठेवण्याची ही युक्ती काही नवी नाही. गावात भाड्याने सायकली देणारी दुकाने असत, ती चाळिशी उलटलेल्या वाचकांना आठवत असतील. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. दुकानदार मागच्या मडगार्डवर दुकानाचे नाव आणि आकडा रंगवून घ्यायचा. सायकल नेताना वहीत लिहायचा : सात नंबर, अमक्याचा मुलगा, अमकी आळी, निघाली साडेनऊला. सायकल परत आली की त्यावर काट. तो दुकानदार फार शिकलेला नसेल, पण त्याला दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. सायकलीवर खूण हवी, आणि ती खूण वहीतही हवी. नुसती सायकलीवर असून भागत नाही, नुसती वहीत असूनही भागत नाही. सायकलीच्या नोंदणीचे सगळे शास्त्र एवढ्यात आले. त्या दुकानात दहा-वीस सायकली असत आणि त्या गावभर ओळखी-अनोळखी पोरांच्या हाती जात. तरी संध्याकाळी त्या दुकानापुढे परत उभ्या राहत, त्यात त्या वहीचा वाटा मोठा होता.

शहरांतून आणखी एक पद्धत होती, ती बिल्ल्याची. पूर्वी आपल्याकडे बऱ्याच नगरपालिका सायकलीवर कर घेत. कर भरला की पितळेचा नाहीतर पत्र्याचा लहानसा बिल्ला मिळे. त्यावर नगरपालिकेचे नाव, साल आणि नंबर असे. तो सायकलीला लावायचा. बिल्ला नसला की रस्त्यात अडवणूक ठरलेली. आज ते बिल्ले जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या संग्रहात पाहायला मिळतात. खेड्यांसाठीही तशी सोय कायद्यात केलेली होती. १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतींना ज्या बाबींवर कर बसवण्याचा अधिकार दिला, त्यांत घर आणि जमीन यांच्याबरोबर सायकलही होती.

पण बिल्ला कशासाठी होता? करासाठी. चोरी थांबावी म्हणून तो काढलेला नव्हता. शिवाय तो स्क्रूने बसवलेला. चोराने पान्याने दोन आटे फिरवले की बिल्ला हातात. सायकल राहते तशीच आणि तिचे नाव-गाव नाहीसे होते. फ्रेमवर ठोकलेल्या नंबराचे तसे नाही. तो घालवायचा तर कानस घेऊन घासावे लागते, आणि घासलेली जागा लगेच डोळ्यांत भरते. नंबर घासलेली सायकल पाहिली की कोणालाही शंका येते, ही अशी का? आमच्या मते बिल्ल्यापेक्षा हा ठोकलेला नंबर शंभरपट चांगला. फक्त भाड्याच्या दुकानदाराकडे जी वही होती, ती आपल्याकडे नाही.

आता नंबर शोधू. सायकल उलटी करा, म्हणजे सीट आणि हँडल जमिनीवर टेकतील. दोन्ही पायडलांच्या मध्ये एक जाड, आडवी, आखूड नळी असते. पायडलाचा आस तिच्यातून जातो. बहुतेक सायकलींवर नंबर या नळीच्या खालच्या अंगाला असतो. तिथे चिखल, ग्रीस आणि धूळ यांचा थर साचलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. फडके रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवून पुसून काढा. तिथे नसला तर सीटच्या खाली, जिथे सीटची दांडी फ्रेममध्ये शिरते, तिथे पाहा. जुन्या, जड, काळ्या सायकलींवर तो बऱ्याचदा तिथे असतो. तिथेही नसला तर हँडलच्या खाली पुढच्या उभ्या नळीवर, नाहीतर मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या पट्टीवर बघा. सायकलीवर जे छापील कागद चिकटवलेले असतात त्यांवरही आकडे असतात. ते नव्हेत. ते त्या बनावटीचे आकडे असतात, हजारो सायकलींवर तेच असतात. आपल्याला हवा तो धातूत खोल गेलेला, बोटाला लागणारा नंबर.

नंबर सापडला, पण तो इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असतो. आपल्यापैकी पुष्कळांना नुकतेच मराठी लिहिता-वाचता येऊ लागले आहे. त्यांनी घाबरू नये. एक सोपी युक्ती आहे. पातळ कोरा कागद त्या जागेवर घट्ट धरावा आणि त्यावरून पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासावी. खाली जे ठोकलेले आहे ते कागदावर जसेच्या तसे उमटते. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून असेच छाप काढायचो. हा कागद वाचता आला नाही तरी चालतो. तो खोटे बोलत नाही. मग शाळेत जाणाऱ्या मुलाकडून तो वाचून घ्यावा आणि शेजारी नीट लिहून घ्यावा. लिहिताना एक जपावे. इंग्रजीतले शून्य आणि ओ हे अक्षर सारखेच दिसतात. एक हा आकडा आणि आय हे अक्षर यांचीही तीच गत. पाच आणि एस, आठ आणि बी यांतही गोंधळ होतो. एक अक्षर चुकले तर नंबर दुसऱ्याच सायकलीचा होतो. म्हणून लिहिलेल्या नंबरासोबत तो छापाचा कागदही ठेवावा. घरात फोटो काढणारा मोबाईल असला तर नंबराचा एक, आणि सायकलीशेजारी आपण उभे राहून एक, असे दोन फोटो काढून ठेवावेत. मोबाईलच सायकलीबरोबर गेला तर काय, असे कोणी विचारील. म्हणून तर कागद.

काही स्वस्तातल्या किंवा जोडून तयार केलेल्या सायकलींवर नंबर सापडतच नाही, किंवा इतका पुसट असतो की लागत नाही. मग आपली खूण आपण करावी. वेल्डिंगच्या किंवा लेथच्या दुकानात अक्षरे ठोकायचे पंच असतात. मागच्या आसाच्या जाड पट्टीवर आपल्या नावाची अक्षरे आणि एखादा आकडा ठोकून घेता येतो. पातळ नळीवर मात्र ठोका मारू देऊ नये, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तर मुळीच नाही. तिथे चीर गेली तर पुढे फ्रेम मोडून माणूस पडायचा. दुसरी एक जुनी युक्ती याहून सोपी आहे. सीट दांडीसकट वर उपसून काढायचे. खाली फ्रेमची नळी पोकळ असते. एका कागदावर आपले नाव, गाव आणि तारीख लिहून, तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्या पोकळीत सरकवून द्यायचा आणि सीट परत बसवायचे. चोर रंग बदलील, घंटी बदलील, सीटसुद्धा बदलील, पण फ्रेमच्या पोटात कागद आहे हे त्याला कसे कळणार? ठाण्यात हवालदाराने "कशावरून?" म्हटले की आपण म्हणायचे, "सीट काढून बघा, साहेब."

सायकल नवीन घेत असाल तर हे काम दुकानातच उरकावे. दुकानदाराला सांगावे, बिलावर कंपनीचे नाव, रंग, किंमत आणि फ्रेमचा नंबर लिहा. पुष्कळ दुकानदार चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून देतात आणि म्हणतात, "बिल कशाला, ओळखीचेच तर आहात." ओळख आपल्या जागी, बिल आपल्या जागी. मागूनही बिल न देणे ही २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापाराची रीत आहे. हे बिल पुढे दोन कामांना येते. सायकल आपली आहे हे त्यावरून दिसते, आणि तिची किंमतही दिसते. किंमत का महत्त्वाची, ते पुढे येईल.

मोटार घेतली की तिची नोंद आर.टी.ओ.त होते. सायकलीला ते कार्यालय नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने सायकल मोटार-वाहनात येत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलीसुद्धा, ज्यांचे यंत्र २५० वॉटपेक्षा कमी ताकदीचे असते आणि वेग तासाला २५ किलोमीटरच्या आत असतो, त्या नोंदणीतून सुटलेल्या आहेत. त्या महाग असतात, आणि त्यांनाही पाटी नसते. मोबाईल फोनची सोय मात्र झाली आहे. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा नंबर असतो, आणि केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या 'संचार साथी' या सोयीतून हरवलेला फोन त्या नंबरावरून देशभर बंद करवून घेता येतो. सायकलीसाठी देशभराचे असे सरकारी दफ्तर नाही.

इतर देशांत काय करतात? जपानचे पाहू. जपानात घरोघर सायकल असते. स्टेशनाबाहेर शेकड्यांनी सायकली उभ्या असतात. तिथे १९९४ सालापासून सायकलीची नोंदणी कायद्याने आवश्यक केली आहे. सायकल विकत घेताना दुकानातच कागद भरतात. नाव, पत्ता, टेलिफोन आणि फ्रेमचा नंबर. थोडी फी असते. मग फ्रेमवर नोंदणीचा नंबर असलेला एक छापील तुकडा चिकटवतात, आणि माहिती पोलिसांच्या दफ्तरात जाते. रात्री कोणी दिव्याशिवाय सायकल चालवताना दिसला की पोलीस थांबवतो, सायकलीवरचा नंबर कळवतो आणि विचारतो, "आपलं नाव?" दफ्तरातले नाव आणि सांगितलेले नाव जुळले की झाले. शिकायला किंवा नोकरीला जपानात गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही हे करावे लागते. एखादा जण मायदेशी परतताना आपली सायकल मित्राला देऊन टाकतो आणि नोंद बदलायची राहते. मग त्या मित्राला पोलिसापुढे बरेच समजावून सांगावे लागते! नोंदणी केली नाही तर दंड मात्र नाही. आम्हाला विशेष वाटते ते हे की दंड नसताना ही पद्धत चालते, कारण ती दुकानातच, विक्रीच्या वेळी, पाच-दहा मिनिटांत उरकते. माणसाला त्यासाठी कचेरीत हेलपाटा घालावा लागत नाही. फ्रान्सनेही २०२१ सालापासून दुकानात विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींवर ओळखीचा नंबर घालणे आणि तो देशाच्या एका दफ्तरात नोंदवणे सक्तीचे केले आहे.

म्हणजे जपानात सायकली चोरीला जात नाहीत काय? जातात. त्यातल्या पुष्कळशा कुलूप न लावलेल्या असतात. नंबर म्हणजे कुलूप नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कुलूप चोराला त्या जागी अडवते. नंबर त्याला पुढे विकताना अडवतो. चोर सायकल चालवण्यासाठी थोडीच नेतो? तो ती विकतो. घेणाऱ्याने नंबर आणि बिल मागितले की त्याची पंचाईत. तरीसुद्धा सुटे करून चाके, सीट, पायडल विकणारे चोर असतातच, आणि त्यांच्यापुढे फ्रेमचा नंबर लंगडा पडतो. चाकावर काही नंबर नसतो. म्हणून साखळीचे कुलूप नुसते चाकात घालू नये. फ्रेम, मागचे चाक आणि एखादा खांब किंवा गज, तिन्ही एका साखळीत यावेत. चाकाला बसवलेले कडीचे कुलूप लावून सायकल नुसती उभी केली, तर दोघे जण ती उचलून टेम्पोत घालतात आणि कुलूप घरी जाऊन फोडतात.

सरकारी दफ्तर नाही तर आपण काय करायचे? आमची सूचना साधी आहे. भाड्याच्या दुकानदाराची वही आपण पुन्हा काढावी. साक्षरता वर्गाने काढावी, शाळेने काढावी, ग्रामपंचायतीने काढली तर फारच चांगले. शंभर पानी वही, आखलेली. पहिल्या रकान्यात अनुक्रम. मग मालकाचे नाव आणि घर. मग कंपनी आणि रंग. मग फ्रेमचा नंबर, आणि नंबर नसला तर केलेली खूण. मग घेतल्याची तारीख आणि किंमत. शेवटी मालकाची सही. ज्यांनी आजवर अंगठा दिला, त्यांनी इथे सही करावी. लिहिण्याचा सराव म्हणून वर्गात याहून चांगले काम आम्हाला सुचत नाही. एका रविवारी सगळ्यांनी सायकली घेऊन यायचे, उलट्या करायच्या, पुसायच्या, छाप काढायचा, वहीत लिहायचे. दोन तासांत तीस सायकली होतात. वही मात्र चव्हाट्यावर पडू देऊ नये. कोणाच्या घरी कुठली महागाची सायकल आहे याची यादी चोराच्या हाती जायला नको. ती कपाटात, कुलपात असावी, आणि प्रत्येकाने आपली नोंद स्वतःच्या घरीही लिहून ठेवावी. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली तर सापडते.

आता समजा, सायकल गेलीच. पहिली गोष्ट, उशीर करू नये. आजूबाजूला विचारावे, पंक्चरवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडे नंबर द्यावा, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावे. तिथे ठाणे अंमलदार असतो. त्याला सांगताना शब्द जपून वापरावा. "सायकल हरवली" आणि "सायकल चोरीला गेली" यांत फार फरक आहे. हरवली म्हटले की गहाळ वस्तूंच्या नोंदीत जाते, आणि गहाळ वस्तूचा कोणी चोर नसतो. कुलूप लावून उभी केलेली सायकल हरवत नाही. चोरीला गेली असेल तर चोरीला गेली असेच सांगावे, आणि नंबर, बिल, छापाचा कागद पुढे ठेवावा.

इथे किमतीचा प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता हा कायदा आला. त्यात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण चोरलेली वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. आणि ५,००० रुपयांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र धरली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस नोंद करून घेतात, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करू शकत नाहीत. कायदा करणाऱ्यांना ही रक्कम लहान वाटली असेल. ज्याची चार हजारांची सायकल हेच सगळे भांडवल आहे, त्याला ती लहान नाही, एवढे आम्ही म्हणतो. तेव्हा किंमत अंदाजाने, कमी करून सांगू नये. बिल असले तर बिलाप्रमाणे, नंतर कॅरिअर, स्टँड, दिवा असे काही बसवले असेल तर तेही सांगावे. वाढवून मात्र सांगू नये. ते खोटे ठरते आणि आपलीच फिर्याद लंगडी पडते.

दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेतली की तिची नक्कल फुकट मिळते. तो आपला हक्क आहे. ती मागून घ्यावी आणि खबरीत सायकलीचा नंबर बरोबर उतरला आहे ना, हे तिथेच उभे राहून वाचून पाहावे. वाचता येण्याचा उपयोग तो हाच. अशी खबर कोणी लिहूनच घेतली नाही तर तीच हकिकत कागदावर लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

सायकल सापडली की ती मुद्देमाल होते. लगेच हातात देत नाहीत. कोर्टात अर्ज करायचा, ओळख पटवायची, आणि लागेल तेव्हा सायकल हजर करीन असे बंधपत्र लिहून दिले की मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने ती घरी नेता येते. खटला संपेपर्यंत वाट पाहावी लागेलच असे नाही. मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नये, पंचनामा आणि फोटो करून तो लवकर मालकाला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. मालकच ठाऊक नसला तर मात्र जाहीरनामा निघतो. त्यात वस्तूचे वर्णन असते, आणि ज्याचा हक्क असेल त्याने सहा महिन्यांच्या आत पुढे यावे असे लिहिलेले असते. कोणी आले नाही तर वस्तू सरकारजमा होते आणि तिचा लिलाव होऊ शकतो. ठाण्याच्या भिंतीला टेकून गंजत पडलेल्या सायकली आपण पाहतो. त्यांतल्या कितीतरींचे मालक त्याच गावात असतील, आणि पायी चालत असतील.

राहिली जुनी सायकल घेण्याची गोष्ट. कोणी अनोळखी माणूस संध्याकाळच्या वेळी चांगली सायकल पाचशे रुपयांत देऊ लागला तर हुरळून जाऊ नये. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे समजायला जागा असून तो घेणे, हाही गुन्हा आहे आणि त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायकल उलटी करून नंबर पाहावा. नंबर घासलेला असेल तर तिथेच थांबावे. ओळखीच्या माणसाकडून घेतली तरी दोन ओळींचा कागद करावा : अमुक नंबराची सायकल अमुक रुपयांना अमुक तारखेला विकली, खाली दोघांच्या सह्या. जुने बिल असले तर तेही मागून घ्यावे. वर्गाच्या वहीत सायकल असेल तर विकणाऱ्याच्या नावापुढे 'विकली' असे लिहून तारीख टाकावी आणि घेणाऱ्याचे नाव नव्या ओळीवर चढवावे. मोडीत घातली तर 'मोडली' असे लिहावे. वर्षातून एकदा, शाळा सुरू होण्याच्या सुमाराला, सगळी वही वाचून अशा जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात.